प्रश्न विचारणारी मैफल

महाविद्यालयाच्या किंवा विद्यापीठाच्या संगीत विभागाने सादर केलेली मैफल हा या पुस्तकाचा विषय आहे. संगीतावरचे मराठी लेखन समृद्ध आहे. घराण्यांचा इतिहास, कलावंतांची चरित्रे, रागांचे शास्त्र, नाट्यसंगीताच्या आठवणी यांवर आपल्याकडे भरपूर लिहिले गेले. पण विभागाच्या सभागृहात गुरुपौर्णिमेला, वसंतपंचमीला किंवा सत्राच्या अखेरीस जे गायले-वाजवले जाते, त्याची बोळवण बहुधा वार्षिक अहवालातल्या एका ओळीत होते. कार्यक्रम उत्साहात पार पडला, मान्यवर उपस्थित होते, आभारप्रदर्शनाने सांगता झाली, एवढेच आपण नोंदवतो. काय गायले गेले, तेच का गायले गेले आणि त्यातून ऐकणाऱ्याला काय उमगले, हे कुठेच उतरत नाही. मैफलीला आपण विभागाच्या कामाचा गाभा मानत नाही, उत्सवाची शोभा मानतो. शिकवणे वर्गात होते, पारख परीक्षेत होते आणि मैफल त्यानंतर उरलेल्या वेळात होते, अशी आपली समजूत आहे. ही समजूत चुकीची आहे, आणि तिच्यामुळे विद्यार्थ्याचे, श्रोत्याचे व खुद्द संगीताचे नुकसान होते, हे या प्रस्तावनेत मांडायचे आहे. विज्ञानाच्या विभागात प्रयोगशाळेचे जे स्थान, ते संगीत विभागात मैफलीचे असायला हवे. गाण्याविषयीचा एखादा प्रश्न गाऊनच विचारावा आणि लोकांसमोर गाऊनच त्याचे उत्तर शोधावे, अशी ही जागा आहे.

हा विचार नवा नाही. संस्थात्मक संगीतशिक्षणाच्या मुळाशीच तो होता. बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८८६ साली मौलाबक्ष यांच्या हाताखाली गायनशाळा सुरू झाली. आज महाराजा सयाजीराव विद्यापीठात जी प्रयोगकला विद्याशाखा आहे, तिची परंपरा त्या शाळेपर्यंत जाते. पंधरा वर्षांनी, ५ मे १९०१ रोजी, विष्णु दिगंबर पलुस्करांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. त्यांच्यामागे कोणतेही संस्थान नव्हते. जाहीर जलसे, देणग्या आणि विद्यार्थ्यांची फी यांवर शाळा चालवायची होती, म्हणून जलसा हे संस्थेचे अन्न होते. पण पलुस्करांसाठी तो त्याहून मोठा होता. गाणे वेळेवर सुरू होते, ते शांतपणे ऐकायचे असते, गाणारा माणूस समाजात मानाने बसू शकतो, हे सगळे त्यांनी जलशातूनच लोकांना शिकवले. त्यांच्या शाळेत विद्यार्थी जितका घडला तितकाच श्रोताही घडला. पुढे त्यांनी मुंबईतही काढलेल्या शाळेची इमारत कर्जापायी हातची गेली. पण ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर असे शिष्य आणि गाणे ऐकायला सरावलेला मध्यमवर्ग मागे राहिला. इमारत गेली तरी संस्था टिकली, याचे बरेचसे श्रेय त्या घडवलेल्या श्रोत्याला द्यावे लागते.

दुसऱ्या विष्णूंची, म्हणजे भातखंड्यांची, वाट वेगळी असली तरी तिनेही मैफलीला हेच काम दिले. १९१६ साली बडोद्याला त्यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. पंडित आणि उस्ताद तिथे एकाच मंडपात बसले. श्रुती, रागांची रूपे यांसारख्या वादाच्या विषयांवर निबंध वाचले गेले आणि त्याच जागी गाणे-वाजवणेही झाले. कागदावरचा सिद्धान्त गळ्यातून तपासून घ्यायचा, हा त्या परिषदेमागचा आग्रह होता. १९२६ मध्ये लखनौला निघालेल्या मॅरिस कॉलेजात हाच आग्रह अभ्यासक्रमात उतरला. श्रीकृष्ण रातंजनकरांनी पुढे त्या कॉलेजचे प्राचार्यपद दीर्घकाळ सांभाळले. ते भातखंड्यांचे शिष्य होते आणि आग्ऱ्याच्या फैयाज खाँसाहेबांचेही. शास्त्र आणि तालीम या दोन्ही गोष्टी एका माणसात असतील, तर ‘सप्रयोग व्याख्यान’ हा प्रकार आपोआप जन्माला येतो. आज प्रत्येक संगीत विभागात रूढ असलेला हा शब्द या परंपरेची देणगी आहे. त्याचा अर्थ मात्र पुसट झाला आहे. व्याख्यानाला तोंडी लावण्यापुरते चार आलाप, असा तो अर्थ नव्हता. प्रयोग हाच पुरावा आणि व्याख्यान ही त्या पुराव्याची मांडणी, असा तो होता.

मैफलीतून ज्ञान पुढे जाते याला परदेशातला एक दाखला लक्षात घेण्याजोगा आहे. पॅरिसच्या संगीत महाविद्यालयातील अध्यापक आणि आजी-माजी विद्यार्थी यांच्या वाद्यवृंदाने ९ मार्च १८२८ रोजी आपली पहिली मैफल केली. फ्रांस्वा हाबेनेक यांनी संचालन केले आणि कार्यक्रमाच्या अग्रभागी बेथोव्हनची तिसरी सिंफनी ठेवली. बेथोव्हनच्या मृत्यूला तेव्हा वर्षही पुरे झाले नव्हते आणि पॅरिसच्या बहुतेक रसिकांना त्याच्या सिंफनी अनोळखी होत्या. पॅरिसमध्ये त्यांना पक्के स्थान मिळाले ते प्रामुख्याने या महाविद्यालयाच्या मैफलींमुळे. कठीण, अपरिचित रचना पुन्हापुन्हा बसवून घेण्याची चिकाटी शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांच्या समूहात होती, आणि लगेच तिकिटे खपली पाहिजेत ही घाई त्यांना नव्हती. आपल्याकडे सिंफनी नाही आणि शंभर जणांचा वाद्यवृंदही नाही, पण तत्त्व तेच आहे. बाजाराला जे परवडत नाही ते विभागाला परवडते.

बाजाराला काय परवडत नाही, याचे अगदी जवळचे उदाहरण रागांच्या वेळेचे आहे. व्यावसायिक मैफल बहुधा संध्याकाळी सहाच्या पुढे सुरू होते. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आल्यापासून उघड्यावरचा ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद करावा लागतो. सवलतीचे दिवस मोजकेच असतात. रात्रभर चालणारे महोत्सव त्यामुळे आटोपते झाले. परिणामी तिकीट काढून गाणे ऐकणाऱ्याच्या कानावर यमन, पूरिया, मारवा, बागेश्री पुन्हापुन्हा पडतात. सकाळच्या मैफली काही रसिक संस्था निष्ठेने चालवतात, म्हणून तोडी आणि भैरव तरी ऐकू येतात. दुपार मात्र जवळजवळ मुकी झाली आहे. सारंगाचे प्रकार, भीमपलास, पटदीप, मुलतानी हे राग ज्या प्रहराचे, त्या प्रहरी ऐकण्याची संधी शहरी श्रोत्याला क्वचित मिळते. संगीत विभाग मात्र नेमका त्याच वेळी उघडा असतो. सभागृह त्याचे, विद्यार्थी आवारातच, तबला-तंबोरे कपाटात. एखाद्या दुपारी चार विद्यार्थ्यांनी पंधरा-पंधरा मिनिटे सारंग मांडावा. दोन्ही निषादांचा वृंदावनी, केवळ कोमल निषादावर उभा राहणारा मधमाद, दोन्ही मध्यमांचा शुद्ध सारंग आणि शेवटी गंधार-धैवतांना वाट देणारा गौड सारंग अशा क्रमाने ते गावे. ‘सारंग’ या एका नावाखाली एवढी वेगळी रूपे कशी नांदतात, हा त्या तासाचा प्रश्न होईल. कोणत्याही आयोजकाच्या नफ्यातोट्याच्या गणितात ही मैफल बसणार नाही. पण ती ऐकलेला माणूस पुढे कोणताही सारंग वेगळ्या कानाने ऐकेल.

असे प्रश्न कितीतरी आहेत. मारवा, पूरिया आणि सोहनी यांत स्वर तेच. तरीही मारव्यात ऋषभ-धैवत राज्य करतात, पूरिया मंद्रातल्या निषाद-गंधाराकडे ओढ घेतो आणि सोहनी तार सप्तकात झळाळते. भूप आणि देशकार यांचे पाच स्वर समान. एक रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, दुसरा सकाळचा. पुस्तकात ही वाक्ये पाठ होतात आणि परीक्षेत उतरवली जातात. ती खरी आहेत की नाहीत हे कळायचे असेल, तर हे राग एकापाठोपाठ, एकाच षड्जावर, ताज्या कानाने ऐकावे लागतात. बंदिशींचेही तेच. भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत शेकडो बंदिशी आहेत, रातंजनकरांच्या ‘अभिनव गीतमंजरी’त आणखी आहेत. त्यांतल्या मोजक्याच आज व्यासपीठावर येतात. उरलेल्यांपैकी काही खरोखरच सामान्य असतील आणि काही केवळ कुणी गायल्या नाहीत म्हणून मागे पडल्या असतील. कोणती कशी, हे स्वरलिपी वाचून ठरत नाही. लिपी रचनेचा सांगाडा देते. तिचा डौल, तिच्यातली विस्ताराची शक्यता, समेवर येण्याची तिची तऱ्हा ही गाऊनच उलगडते. म्हणून विभागाने दरवर्षी दहा अपरिचित बंदिशी बसवून लोकांपुढे ठेवल्या, तर ते शोधनिबंधाच्या तोलाचे संशोधन ठरेल.

अभ्यासक्रमाने जे वगळले ते परत आणण्याची ताकदही मैफलीत आहे, आणि माझ्या मते हे तिचे सर्वांत महत्त्वाचे काम आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी संगीताला शाळेची प्रतिष्ठा मिळाली तेव्हा घरंदाज म्हणवणाऱ्या कुटुंबांतल्या मुलींना गाण्याची वाट मोकळी झाली. हा मोठा लाभ होता. पण त्या प्रतिष्ठेची किंमत दुसऱ्या स्त्रियांनी मोजली. ज्या कलावंतिणींनी ठुमरी, दादरा, बैठकीची लावणी पिढ्यानपिढ्या जपली, त्यांचे गाणे शिष्ट अभ्यासक्रमाच्या कडेला राहिले. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर या गोव्याच्या मातीतून आलेल्या गायिकांना आज आपण शिखरावर मानतो. पण ज्या कलावंत समाजातून त्या आल्या, त्याच्या संगीतविद्येची नोंद पाठ्यपुस्तकाने पुरेशी घेतली नाही. ही उणीव भरून काढण्याची एक दिशा डॉ. अशोक दा. रानडे यांनी दाखवली. ते मुंबई विद्यापीठाच्या संगीत केंद्राचे पहिले संचालक आणि देवधरांकडेही शिकलेले. त्यांनी ‘बैठकीची लावणी’, ‘देवगाणी’, ‘राधा’ असे एकेका विषयाभोवती गुंफलेले कार्यक्रम रचले. त्यांत निवेदन होते, संशोधन होते आणि मुख्य म्हणजे उत्तम गाणे होते. लावणीला बैठकीचे स्वतंत्र शास्त्र आहे, हे शंभर पानांच्या प्रबंधाने जितके पटले नसते तितके ते दोन तासांच्या ऐकण्याने पटते. कुमार गंधर्वांनी ‘गीतवर्षा’, ‘गीतहेमंत’, ‘गीतवसंत’ यांतून ऋतू आणि गाणे यांचा असाच शोध घेतला. कुमारजीही देवधरांच्याच शाळेत वाढले हा योगायोग मानता येत नाही. त्या शाळेत वेगवेगळ्या घराण्यांचे कलावंत येत, गात, चर्चा करत, आणि विद्यार्थी ते सारे ऐकत. अनेक वाटा ऐकलेल्या कानालाच विषय सुचतात.

यावर पहिला आक्षेप परंपरेकडून येतो आणि तो गंभीर आहे. कच्चा शिष्य लोकांपुढे बसवू नये, असे गुरू सांगत आले. वर्षानुवर्षांच्या तालमीनंतर, गुरूच्या परवानगीनेच पहिली मैफल होई. दोन-तीन वर्षांच्या विद्यार्थ्याला व्यासपीठ दिले तर त्याला टाळ्यांची चटक लागेल आणि साधना मागे पडेल, ही भीती खोटी नाही. पण परंपरेचाच नीट विचार केला तर दिसते की शिष्य इतकी वर्षे लोकांपासून दूर नव्हता. तो गुरूच्या मागे तंबोरा घेऊन बसत होता. गुरूने खूण केली की एखादी जागा भरत होता, दमसास संपला तर स्वर धरून ठेवत होता, भरलेल्या सभेसमोर षड्ज कसा लावतात हे हातभर अंतरावरून पाहत होता. घराण्याने त्याला मैफलीचे शिक्षण असे पायरीपायरीने दिले. सारी जबाबदारी मात्र गुरूच्या खांद्यावर ठेवली. विद्यापीठाच्या वर्गात वीस विद्यार्थी असतात आणि गुरूच्या मागे दोघांनाच जागा असते. ती मागची जागा आपण काढून घेतली आणि तिच्या बदल्यात काही दिले नाही, तर विद्यार्थी पदवी घेईपर्यंत श्रोत्यांना पारखाच राहील. विभागाची मैफल ही त्या मागच्या जागेचे आजचे रूप आहे. म्हणून तिथे विद्यार्थ्याला तासाभराचा ख्याल देऊ नये. त्याच्या आवाक्यातला, नेमका आखलेला भाग द्यावा. आज त्याने गावे, पुढच्या वेळी दुसऱ्यासाठी तंबोरा धरावा, तबल्याच्या विद्यार्थ्याचा एकल असेल तेव्हा पेटीवर लेहरा धरावा. अर्धा तास एकच लेहरा लय न ढळू देता वाजवणे म्हणजे काय, हे ज्याला कळले त्याचे स्वतःचे गाणेही तालात बसते. टाळ्यांचा मोह कमी करायला याहून चांगला उपाय नाही.

दुसरा आक्षेप व्यवस्थेविषयी आहे. सत्र संपते न संपते तोच परीक्षा, श्रेयांकांची जुळवाजुळव, कागदपत्रे. यात मैफलींना वेळ कुठला? पण व्यवस्थेनेच इथे वाट ठेवली आहे. पदव्युत्तर अभ्यासक्रमांत मंचप्रदर्शन हा परीक्षेचा मान्य भाग आहे, आणि श्रेयांक पद्धतीत प्रात्यक्षिकाचे सुमारे तीस तास एका श्रेयांकाला मोजले जातात. हे तास केवळ परीक्षकांपुढच्या अर्ध्या तासाच्या तयारीत घालवायचे की विषय निवडणे, बंदिशी शोधणे, साथीदारांबरोबर बसवणे, श्रोत्यांसाठी टिपण लिहिणे आणि मग गाणे असे वापरायचे, हे विभागाच्या हातात आहे. परीक्षक उणिवा शोधायला बसलेला असतो. श्रोता काही मिळावे म्हणून आलेला असतो. गाणाऱ्याला या दोन्ही नजरांची गरज आहे. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्राने १९८७ पासून गुरुकुल आणि विद्यापीठ यांची सांगड घालण्याचा प्रयत्न केला. एसएनडीटी विद्यापीठात १९७९ ते १९९२ या काळात प्रभा अत्रे यांच्यासारखी मैफल गाजवणारी गायिका संगीत विभागाची प्रमुख होती. १९५० मध्ये बनारस हिंदू विद्यापीठाच्या संगीत महाविद्यालयाची धुरा ओंकारनाथांनी उचलली. व्यासपीठ आणि वर्ग यांच्यात भिंत असलीच पाहिजे असे नाही, हे या उदाहरणांवरून दिसते.

तिसरा आक्षेप आजचा आहे. सगळे गाणे फोनवर उपलब्ध असताना सभागृहात जाऊन विद्यार्थ्यांचे का ऐकावे? ध्वनिमुद्रणाचे ऋण मोठे आहे. १९०२ पासूनच्या तबकड्यांनी दोन-तीन मिनिटांत का होईना, कितीतरी गळे आपल्यासाठी राखून ठेवले. पण ध्वनिमुद्रण झालेले गाणे ऐकवते. गाणे होते कसे, हे सांगत नाही. तंबोरा जुळवताना जवारी कधी बोलू लागते, समेच्या आधी गायक आणि तबलजी एकमेकांकडे कसे पाहतात, एखादी जागा चुकल्यावर गाणारा स्वतःला कसा सावरतो, हे एकाच खोलीत बसल्याशिवाय दिसत नाही. विद्यार्थ्याच्या मैफलीत तर ते अधिक स्पष्ट दिसते, कारण त्याची घडण अजून झाकली गेलेली नसते. हाच युक्तिवाद नामवंत कलावंत बोलावण्याच्या आग्रहालाही लागू पडतो. मोठ्या कलावंताला जरूर बोलवावे. त्याचे गाणे ऐकणे हेही शिक्षणच आहे. पण वर्षाचा सारा निधी एका संध्याकाळवर खर्च झाला, सभागृह भरले, छायाचित्रे निघाली आणि दुसऱ्या दिवशी वर्ग जिथे होता तिथेच राहिला, तर विभागाने केवळ आयोजकाचे काम केले असे म्हणावे लागेल. त्याच कलावंताला सकाळी दोन तास विद्यार्थ्यांबरोबर बसवले, संध्याकाळी जो राग तो गाणार त्याची बंदिश आधी विद्यार्थ्यांकडून ऐकवली, तर तोच खर्च शिक्षणात जमा होतो.

राहिला एक आक्षेप, रसिकांचा. समजावून सांगितले की रस आटतो, मैफलीचा वर्ग होतो, असे ते म्हणतात. लांबलचक निवेदनाने गाण्याचा श्वास कोंडतो, हे मान्यच करायला हवे. त्यावर उपाय प्रमाणाचा आहे. गाण्याआधी तीन मिनिटे बोलावे, हातात एक पान द्यावे, त्यात राग, ताल, बंदिशीचे शब्द, रचनाकार ठाऊक असेल तर त्याचे नाव आणि आज कशाकडे कान लावायचा हे एका वाक्यात लिहावे. मग गप्प बसावे आणि गाऊ द्यावे. ज्याला समजून घ्यायचे नाही तो पान घडी घालून ठेवील. पण जो प्रथमच आला आहे, ज्याच्या घरात गाणे नव्हते, ज्याला सम कुठे आली हे कळत नाही म्हणून परके वाटते, त्याला त्या एका पानामुळे आत शिरायला दार मिळते. संगीत विभाग बहुधा सार्वजनिक पैशावर चालतो. ते दार उघडे ठेवणे हे त्याचे कर्तव्य आहे.

शेवटी एक आग्रहाची विनंती, कारण तिच्याशिवाय वरचे सारे हवेत विरून जाईल. प्रत्येक विभागाने मैफलींची वही ठेवावी. आज कोणता प्रश्न घेतला, कोणत्या बंदिशी कुठून मिळवल्या, कोण गायले, साथीला कोण होते, काय साधले आणि काय साधले नाही, हे त्याच रात्री लिहावे. सोबत ध्वनिमुद्रण जपावे. ‘साधले नाही’ हा रकाना सर्वांत मोलाचा. मधमाद आणि वृंदावनी यांतला फरक श्रोत्यांपर्यंत पोचला नाही असे यंदा लिहिले गेले, तर पुढच्या वर्षीचे विद्यार्थी तिथूनच सुरुवात करतील, वेगळी बंदिश निवडतील, क्रम बदलून पाहतील. घराण्यांत ही वही गुरूच्या स्मरणात असे आणि शिष्याच्या गळ्यात उतरे. विद्यापीठात शिक्षक बदलतात, विद्यार्थी दोन-तीन वर्षांत निघून जातात. तिथे स्मरण लिहूनच ठेवावे लागते. दहा वर्षांनी ती वही चाळणाऱ्याला कार्यक्रमांची यादी दिसणार नाही. एका विभागाने कोणते प्रश्न विचारले आणि कुठवर मजल मारली, याचा सलग वृत्तान्त त्याच्या हाती पडेल, आणि त्यातला एखादा सुटलेला प्रश्न उचलून तो तंबोरा जुळवायला बसेल.